ओल्या पोत्यातलं कपाट

भोर, १८ जून १९७०

चिमाजी,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. आठ वर्षांत ज्या भावानं साधं कार्ड टाकलं न्हाई त्यानं आशीर्वाद कसले द्यायचे! तेवढी ओळ कोरी राहू दे.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीच्या भावानं आणला. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या आळीत त्यानं तुला पाह्यलं. म्हणाला, "ओळख दिली, चहा पाजला, पण भोरचं नाव काढलं की मान खाली घालून भोपळा घासायला लागायचा." मी म्हटलं, घासू दे बाबा, त्याचं काम हाय.

तुझी वहिनी, धोंडाबाई, बरी हाय. गुडघा धरतो तिचा. दुकान हाय तितंच, एसटी स्टँडच्या मागं. रंधा मारायला आता दम लागतो, मधेच उठून नदीपर्यंत फेरी मारून येतो. धोंडाबाई म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का काय?" आता हे लिहितानाच दोनदा उठलो.

मूळ गोष्ट सांगतो. डॉक्टरीण चंद्राबाईंचं जपानी कपाट परत दुकानात आलंय.

तुला ते काय सांगायचं, पण मला सांगितल्याबिगर चैन न्हाई. कमरेएवढं उंच, दोन दारं, आत सात खण. डॉक्टर करंदीकर जहाजावर नोकरीला होते तेव्हा जपानातनं बाईंसाठी आणलेलं. काळं रोगण असलं की वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसायचं, नि त्यावर सोन्याचे करकोचे. आता बघशील तर ओळखणार न्हाईस. उजव्या दाराचं रोगण कांद्याच्या पापुद्र्यागत सुटलंय. करकोच्यांना पाय न्हाईत, एकाला चोच न्हाई. डॉक्टर जाऊन चार वर्षं झाली. चंद्राबाई दसरा झाला की नागपूरला लेकीकडं चालल्यात, कायमच्या. म्हणाल्या, "गेनबा, एवढं एकच त्यांचं बरोबर न्यायचंय. जमेल तेवढं नीट कर."

हातगाडीवरनं उतरवताना म्या पाह्यलं. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा एक तुकडा हाय. आजूबाजूचं सगळं सुटलंय, तो तुकडा जसाच्या तसा. नख मारलं, नख घसरलं. तो तू केलेला हाय. म्या लगेच ओळखला.

तेव्हा एवढंच लिही, की तू ते कसं वाळवलंस. बिब्बा लावला होतास ते सगळ्या गावाला माहीत हाय. पण म्या सागाच्या तुकड्यावर बिब्ब्याचं तेल लावून पाह्यलं, सहा दिवस उन्हाला ठेवलं, अजून माश्या चिकटतात.

झालं ते झालं. कुणाच्या हातनं झालं ते आता उगाळून काय उपयोग? दोघांच्याबी नशिबात होतं ते.

गेनबा


भोर, ९ जुलै १९७०

चिमाजी,

उत्तर न्हाई. पोस्टमन समोरनं गेला की मी रंधा थांबवतो नि तो गेला की पुन्हा धरतो. फळीवर तेवढ्या लाटा उमटल्यात. कालच्या चौकटीला धोंडाबाई हात फिरवून म्हणाली, "ही काय शेवग्याची शेंग केलीत?"

मागच्या पत्रात म्या एक खोटं लिहिलंय. 'दोघांच्या नशिबात' असं. तुझ्या नशिबात ते नव्हतं, त्यात तुला घातलं गेलं.

बासष्ट सालचा वैशाख. खण अडकतात म्हणून डॉक्टरांनी कपाट आपल्याकडं धाडलं. स्वतः बरोबर आले. तुला आठवतंय ते काय म्हणाले? मला शब्दन्‌शब्द आठवतो. "गेनबा, याला ऊन दाखवू नका. हे रोगण म्हणजे झाडाचा चीक. तिकडे ते ओलसर पेटीत ठेवून वाळवतात." ते गेल्यावर मी किती हसलो! म्हटलं, डॉक्टरांना दर्या लागला वाटतं. ओल्यात कधी कुणी काय वाळवलंय? बापानं, आज्यानं सगळं उन्हात वाळवलं, लाकूड काय नि कुरडया काय.

तू हसला न्हाईस. डॉक्टर पायरी उतरत होते, तू मागं धावलास नि विचारलंस, "डॉक्टर, तो चीक काढणाऱ्यांच्या अंगाला फोड येतात का?" ते थांबले, तुझ्याकडं बघितलं. "येतात. तुला कसं कळलं?" मग तू माझ्याकडं येऊन म्हणालास, "दादा, हा आपल्या बिब्ब्याचाच भाऊबंद असणार." मी म्हटलं, "भाऊबंदकी नंतर, आधी खण काढ."

वीस वर्षांचा होतास तू. मी बत्तीस वर्षांचा, दुकानाचा मालक. धाकट्यानं आपल्याआधी काही ओळखलेलं मला सोसायचं न्हाई, हे आज लिहून टाकतो.

खण काढले, कपाट आतून-बाहेरून ओल्या फडक्यानं पुसलं, नि म्या ते थोडा वेळ अंगणात ठेवलं. थोडाच वेळ. बस, आज एवढंच. नदीपर्यंत फेरी मारून येतो.

गेनबा


भोर, २७ जुलै १९७०

चिमा,

थोडा वेळ नव्हे.

दहाच्या सुमाराला ठेवलं. तू आंबवड्याला कुणाचा दरवाजा बसवायला गेला होतास. म्या भाकरी खाल्ली, वहिनीनं ताक दिलं, ते प्यालो नि जरा आडवा झालो. उठलो ते तुझ्या ओरडण्यानं. चार वाजले होते. वैशाखातलं ऊन, सहा तास! दोन्ही दारांना बारीक चिरा गेल्या होत्या नि उजव्या दाराचं सोनं उचललं होतं, हात लावला तर बोटाला येत होतं.

एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. एकट्यानं कपाट उचलून आत नेलंस. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कुठं गेलास ते म्या विचारलं न्हाई. संध्याकाळी परत आलास तो बिब्बे घेऊन. चार दिवस तू त्या कोपऱ्यात बसून होतास, कपाटावर ओलं गोणपाट टाकलेलं. मला वाटलं, पोराला खूळ लागलं. नि मग तुझ्यावर बिब्बा उतला. हात, मान, तोंड. डोळे मिटून गेले तुझे.

पाचव्या दिवशी डॉक्टर आले.

उठलो होतो. नदीपर्यंत गेलो, पूल ओलांडला, परत आलो. आता लिहितो.

त्यांनी कपाट पाह्यलं, नि तुझं तोंड पाह्यलं. "कुणी बिब्बा फासला याला?" दुकानात रामभाऊ वाणी होता, दुसरे दोघं होते. पटाशी माझ्या हातात होती. तू सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतनं माझ्याकडं बघितलंस. तू वाट बघत होतास. नि मी म्हणालो, "पोर हाय डॉक्टर. हाताला खाज."

एवढंच म्हणालो. आठ वर्षं मी स्वतःला सांगत आलोय, की 'चिमानं बिघडवलं' असं म्या कुठं म्हटलं? न्हाईच म्हटलं. गावानं म्हटलं. तोंडावर फोड असताना गावाला आणखी साक्ष कशाला हवी? हाटेलात पोरं म्हणायची, कामात बिब्बा घालावा तर चिमा सुतारानं. भाटघरची सोयरीक आठ दिवसांत मोडली. पोरीचा बाप हितं येऊन म्हणाला, हात असला असेल तर संसार कसला करील. तेव्हाबी मी गप. डॉक्टरांच्या शब्दावर अर्ध्या गावाचं काम आपल्याकडं येत होतं रे. भ्यालो.

सूज उतरायच्या आधीच तू गेलास. तोंडाला पंचा गुंडाळून सातारच्या गाडीत बसलास. स्टँड दुकानाच्या पाठीला. मी दुकानातच होतो.

गेनबा


भोर, १९ ऑगस्ट १९७०

चिमा,

रविवारी गुंजवण्याला जाऊन आलो. तू सांगत न्हाईस म्हटल्यावर ज्यानं तुला सांगितलं त्याला गाठायचं ठरवलं. गुंजवण्याच्या सारजाबाईचं नाव तू तेव्हा वहिनीपाशी काढलं होतंस, ते तिनं आता सांगितलं. नसरापूरला गाडी बदलली, मार्गासनीपासनं पुढं चालत. भातखाचरं नुसती भरलेली, बांधावरनं दोनदा घसरलो. वर धनगरवाड्यात सारजाबाईचं घर विचारलं. म्हातारी मेंढराच्या खुरात बिब्बा भरत बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"चिमाचा भाव व्हय? मग लई दिसांनी आलास."

म्हटलं, आजी, त्यानं हितनंच बिब्बे नेले होते का?

"बिब्बे काय बाजारात बी मिळत्यात. त्यो आमच्या काठ्या बघाया आला हुता. आमच्या काठ्या पावसात कुजत न्हाईत, का कुजत न्हाईत म्हून इचारत बसला दिसभर. मी म्हनलं, बाबा, बिब्ब्याचं त्याल प्यायलेली काठी हाय. पर उनात ठिवशील तर चिकाट ऱ्हाती. पावसाळ्यात लावायचं, वल्या घोंगड्यात गुंडाळायचं नि इसरून जायाचं. त्यो हसाया लागला. म्हनला, डाक्टर खरं बोलत हुता."

ऐकलंस? म्हणजे जपानातला कारागीर, गुंजवण्याची म्हातारी नि तू, तिघं एकच बोलत होता. खुळा मीच एकटा.

निघताना तिनं बिब्बे दिले, पातळ हातानं कसा फासायचा ते दाखवलं. मग म्हणाली, "त्येच्या तोंडाला तीळलोनी लावलं हुतं ना रं? मी त्येला बजावलं हुतं, उतलं तर घरच्यांना सांग, तीळ लोन्यात वाटून लावा म्हनावं. आग जाती."

मी म्हणालो, लावलं होतं.

परतताना नसरापूरच्या स्टँडवर बाकावर बसलो, गाडी लागली, भरली, गेली. मी बसूनच. पुढच्या गाडीनं आलो.

चिमा, हे तुला माहीत न्हाई. तू मागच्या खोलीत पडला होतास, दार लोटलेलं. तुझ्या वहिनीनं तीळ वाटले होते लोण्यात. पितळेची वाटी घेऊन ती तुझ्याकडं निघाली होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो. तुझं तोंड बरं झालं तर तू बाहेर पडशील, बोलशील, लोक ऐकतील, असं माझ्या मनात आलं. म्या वाटी अडवली. म्हणालो, "केलंय ते भोगू दे." तिनं वाटी तशीच खाली ठेवली. आजतागायत तिनं घरात तीळ वाटला न्हाई. संक्रांतीलाबी तिळगूळ शेजारनं येतो.

लिहिलं बघ. आता कार्ड पाठव, नको पाठवू, तुझी मर्जी.

गेनबा


भोर, २२ सप्टेंबर १९७०

चिमा,

अक्षर मोठं नि वेडंवाकडं दिसेल. बोटं वाकत न्हाईत. एकेका बोटाचं वांगं झालंय.

डाव्या दाराला म्याच बिब्बा लावला. हाताला फडकं गुंडाळता आलं असतं. न्हाई गुंडाळलं. सारजाबाईनं सांगितलं तसं पातळ लावलं, ओलं पोतं टाकलं, कोपऱ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी उतायला लागलं. आरं, काय ती आग! मी चार दिवसांत रडकुंडीला आलो नि तू त्या खोलीत हूं की चूं केलं न्हाईस. धोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं नि चुलीकडं निघून गेली. मी तिला काही मागितलं न्हाई. कोणत्या तोंडानं मागू? तोंडच राहिलं न्हाई, नुसती भाकरी फुगलीय.

काल चंद्राबाई कपाट बघायला आल्या. दुकानात रामभाऊ वाणी होता, मुद्दाम बोलावून बसवला होता. आणखी दोन गिऱ्हाइकं होती. बाई दारातच थांबल्या. "अगं बाई! गेनबा, हे काय?"

म्हटलं, "बिब्बा, बाई. ज्यानं बिघडवलं त्यालाच उतलाय या खेपेला."

मग सगळं सांगितलं. अंगण, ताक, सहा तास. डॉक्टरांनी बजावलं होतं तेही. तू चार दिवस काय करत होतास ते नि मी काय म्हणालो तेही. रामभाऊ तंबाखू मळायचा थांबला.

मला वाटलं होतं बाई म्हणतील, जाऊ दे, जुनी गोष्ट. कशाच्या म्हणतात! काठी आपटली त्यांनी. "आठ वर्षं, गेनबा? शेवटच्या आजारात हे मला म्हणत होते, त्या धाकट्याला एकदा बोलवा, तो कोपरा मी हात लावून पाहिलाय, त्याला काहीतरी कळलंय, मी उगाच बोललो. आणि मी काय म्हणायची? कशाला, म्हणायची. गेनबासारखा सरळ माणूस खोटं बोलेल का!" बोलता बोलता त्यांना रडू आलं. "ते वाट बघत गेले. तुमच्या एका शब्दासाठी."

मी खाली बघत उभा होतो. डोळे चुरचुरत होते, ते बिब्ब्यानं का कशानं ते मलाच कळलं न्हाई.

जाताना बाईंनी पोतं उचलून डावं दार बघितलं. म्या केलेला भाग नि तुझा तुकडा शेजारी शेजारी. माझा भाग मळकट, हात फिरवला तर खरखरीत. तुझा काळाभोर. त्या म्हणाल्या, "उजव्या दाराला तुम्ही हात लावू नका." रामभाऊ त्यांच्या मागनं बाहेर पडला, तासाभरात पेठेत सगळ्यांना कळलं. कळू दे. आज सकाळपासनं एक गिऱ्हाईक न्हाई.

तू ये, असं म्हणायचा मला हक्क न्हाई. पण दसऱ्यापातुर कपाट हितंच हाय.

गेनबा


भोर, ४ ऑक्टोबर १९७०

चिमा,

काल पोस्टमननं पार्सल दिलं. सतारीच्या तारा येतात तसला लांबट पुठ्ठ्याचा डबा. मला फोडता येईना, धोंडाबाईनं सुतळी दातानं तोडली. आत फडक्यात बांधलेले तीळ, पावशेरभर, नि चिठ्ठी. म्या वाचून दाखवली तिला. पहिल्यांदा नीट वाचता आली न्हाई, दुसऱ्यांदा वाचली.

'दादा, वहिनीला हे लोण्यात वाटायला सांग. वाटी अडवू नको. उजव्या दाराला हात लावू नको. पोतं सुकू देऊ नको. चिमा.'

धोंडाबाई उठली. पाटा धुतला, लोणी काढलं. आठ वर्षांनी आपल्या घरात तीळ वाटल्याचा वास आला. ती वाटी घेऊन आली, तीच पितळेची, नि उंबऱ्याशी थांबली. मी उठलो, बाजूला झालो. मग तिनं माझ्या तोंडाला लावलं, मनगटापातुर लावलं, नि लावताना भडाभडा रडली. म्हणाली, "त्याला लावायचं होतं वो हे." मी म्हणालो, व्हय.

आज सकाळी चिठ्ठी घेऊन चंद्राबाईंकडं गेलो. आत बोलावलं न्हाई, ओट्यावरच चष्मा लावून वाचली, घडी केली, परत दिली. लेकीला तार करायला निघाल्या होत्या. मला म्हणाल्या, "नागपूर कुठे पळून जात नाही. दिवाळीनंतर जाईन म्हणून कळवते."

आता बाहेर फेऱ्या मारायचं बंद केलंय. दुकान सोडून कुठं गेलो नि मागं पोतं सुकलं तर? सकाळी भिजवतो, दुपारी भिजवतो, संध्याकाळी भिजवतो. अंगणात ऊन आलं की उठून कपाट आणखी आत सरकवतो. तू बसायचास त्या कोपऱ्यातला पाट धुवून ठेवलाय. त्यावर मी बसत न्हाई.

सूज उतरत आलीय. पोतं ओलं हाय.

तुझा
दादा